शिशाची गोळी, रिव्हॉल्व्हरचा गळा आणि अहवालातला ‘जुळते’ हा शब्द

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे या संहितेने बंधनकारक केले. राज्यांना अंमलबजावणीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली. त्याच्या काही दिवस आधी केंद्रीय मंत्रिमंडळाने या शास्त्राच्या पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांची चर्चा बहुधा इमारती, नवी संकुले आणि डीएनए चाचण्या यांच्याभोवतीच फिरते. बंदुकीच्या गोळीचा पुरावा जुना आणि सर्वपरिचित, म्हणून तो निर्विवाद मानला जातो. निदान रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या गोळीपुरते तरी हे खरे नाही, आणि त्याचे कारण सिलिंडरच्या एका लहानशा, सहसा दुर्लक्षित भागात दडलेले आहे.

पिस्तुलात काडतूस नळीच्याच मागच्या भागात बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये ते फिरत्या सिलिंडरच्या पाच-सहा कप्प्यांपैकी एकात असते. दारू पेटली की गोळी आधी त्या कप्प्याच्या पुढच्या अरुंद गळ्यातून जाते. कारागीर याला ‘थ्रोट’ म्हणतात. मग ती सिलिंडर आणि नळी यांच्यामधली साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची उघडी फट ओलांडते आणि त्यानंतर नळीतील सर्पिल खाचांत शिरते. म्हणजे सहा कप्प्यांच्या शस्त्राला गळे सहा आणि नळी एक. ही सातही मापे परस्परांशी जुळलेली असतील असे गृहीत धरायला काहीच आधार नाही. गळे वेगवेगळे कोरले जातात, कोरणारे हत्यार झिजत जाते, आणि एकाच सिलिंडरच्या दोन गळ्यांत इंचाच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉनचा, फरक पडणे मुळीच असामान्य नाही. माणसाचा केस याच्या दुपटी-तिपटीने जाड असतो. शिशाच्या गोळीला मात्र हा फरक मोठा वाटतो.

.३८ स्पेशल हे उदाहरण घ्यावे. नावात ०.३८ असले तरी शिशाच्या गोळीचा व्यास ०.३५८ इंच आणि नळीच्या खाचांचा व्यास साधारण ०.३५७ इंच असतो. गळा ०.३५८ किंवा किंचित मोठा असेल, तर गोळी त्याला अलगद घासून सरळ पुढे जाते आणि नळीत दाबली जाऊन खाचा पूर्ण भरते. गळा ०.३५५ असेल, तर गोळी तिथेच आवळली जाते आणि नळीत पोहोचते तेव्हा खाचांपेक्षा बारीक झालेली असते. उरलेल्या फटीतून तप्त वायू पुढे धावतो, गोळीच्या कडा कापत नेतो आणि तेच शिसे नळीच्या भिंतीवर थापतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. जळत्या दारूच्या वायूचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. उलट गळा ०.३६१ असेल, तर गोळी त्यात सैल राहते, तिरकी होऊन नळीच्या मुखाशी आदळते आणि तिच्या एका बाजूवर ठसे खोल, तर दुसऱ्या बाजूवर उथळ उमटतात.

हे केवळ कागदावरचे प्रकार नाहीत. .४५ कोल्टच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धापूर्वी नळीच्या खाचांचा व्यास ०.४५४ इंच होता, पुढे तो ०.४५१ ते ०.४५२ झाला, पण अनेक सिलिंडरांचे गळे ०.४५६ च्या आसपासच राहिले. ब्रिटिश .४५५ वेबलीची तऱ्हा नेमकी उलटी. तिचे गळे गोळीपेक्षा अरुंद असत. बुडाशी पोकळ असलेली मऊ शिशाची गोळी आवळून बाहेर पडे आणि वायूच्या दाबाने पुन्हा फुगून नळी भरे. कानपूरला बनणारे .३२ रिव्हॉल्व्हर याच वेबली घराण्यातले आहे. त्याच्या काडतुसाला ७.६५ मिलिमीटर म्हणतात, गोळी मात्र ७.९ मिलिमीटरच्या आसपास भरते. शस्त्रांच्या जगात नावातला आकडा माप म्हणून वापरू नये, हे विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी शिकलेले बरे.

गोळी फुगते कधी, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. हौशी गोळी-ओतणाऱ्यांत एक सूत्र प्रचलित आहे: ब्रिनेल कठिणतेला १,४२२ ने गुणावे, म्हणजे गोळी किती दाबाला (पौंड प्रति चौरस इंच) फुगेल ते कळते. आकडा भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात १,४२२ हा एक किलोग्रॅम-बल प्रति चौरस मिलिमीटरचे पौंड प्रति चौरस इंचात केलेले रूपांतर आहे, दुसरे काही नाही. सूत्राने धातूविषयी काहीच सांगितलेले नाही. फक्त एकक बदलले आहे. पदार्थविज्ञान सांगते की धातू कायमचा विकृत होऊ लागतो तो ताण कठिणतेच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. शुद्ध शिशाची कठिणता ५ धरली, तर सूत्र ४९ मेगापास्कल सांगते आणि एक-तृतीयांशाचा नियम १६. .३८ स्पेशलचा कमाल दाब सुमारे ११७ मेगापास्कल असल्याने दोन्ही हिशोबांनी मऊ गोळी फुगणारच. पण अँटिमनी आणि कथील मिसळून कठिणता २२ पर्यंत नेली, तर सूत्राप्रमाणे २१६ मेगापास्कल लागतील, म्हणजे गोळी फुगणार नाही. दुसऱ्या नियमाप्रमाणे ७२ पुरतील, म्हणजे फुगेल. सगळा खेळ एक-दोन सहस्रांश सेकंदांत आटोपत असल्याने दोन्ही हिशोब ढोबळच आहेत. निकाल प्रयोगानेच लागतो.

आता हीच गोळी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवून पाहावी. तज्ज्ञ जप्त शस्त्रातून पाण्याच्या टाकीत किंवा कापसात चाचणीच्या गोळ्या झाडतो आणि तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे ओरखडे गुन्ह्यातील गोळीच्या ओरखड्यांशी ताडून पाहतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत गोडार्ड आणि ग्रॅव्हेल यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही मूलतः तीच आहे. खाचांची संख्या आणि दिशा यांवरून शस्त्राचा वर्ग कळतो: जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांत सहा डाव्या, स्मिथ अँड वेसनमध्ये पाच उजव्या. विशिष्ट शस्त्र ओळखायचे तर बारीक ओरखड्यांकडे जावे लागते, आणि गळ्याचे माप नेमके तिथेच आडवे येते. आवळलेल्या गोळीवर खाचांच्या तळाचे ठसे उमटतच नाहीत. उमटले तर वायू ते पुसून टाकतो. शिवाय रिव्हॉल्व्हरची गोळी सिलिंडरमधून वेग घेऊन येते आणि फिरू लागण्यापूर्वी नळीत थोडी सरळ घसरते. त्या घसरणीचे रुंदावलेले ठसेही गळ्यावर आणि गोळीच्या कठिणतेवर अवलंबून असतात. गुन्ह्यातील गोळी मऊ, हाताने ओतलेली आणि चाचणीची गोळी तांब्याच्या आवरणाची, कारखान्यातली असेल, तर एकाच शस्त्राचे दोन ठसे वेगळे दिसू शकतात. गोळी तिसऱ्या कप्प्यातून सुटली आणि चाचणी पहिल्यातून झाली, तरी तेच. मुंगेरसारख्या ठिकाणी घडवल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांत तर बहुधा खाचाच नसतात.

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये या शास्त्राचा आढावा घेतला, तेव्हा चुकीच्या ‘जुळणी’चे प्रमाण मोजणारा योग्य रचनेचा एकच अभ्यास त्यांना सापडला. त्यात ते प्रमाण ६६ मध्ये १ निघाले, आणि सांख्यिकीय मर्यादा धरता ४६ मध्ये १ असू शकेल असे मंडळाने म्हटले. तो अभ्यास पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्यांचा होता. रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या, चेपलेल्या, वायूने कापलेल्या शिशाच्या गोळीला तो आकडा लावता येत नाही. तिथली चूक त्याहून कमी असेल असे मानायला काही कारणही दिसत नाही.

भारतात याचे मोल काय असते हे जेसिका लाल खून खटल्याने दाखवले आहे. शस्त्र कधीच सापडले नाही. दोन रिकाम्या पुंगळ्या एकाच शस्त्रातून सुटल्या की दोन, या तज्ज्ञमतावर पुष्कळ काही टांगले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी सुटले, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्णय फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शिक्षा कायम केली. ते पिस्तुलाचे प्रकरण होते आणि देशाचे लक्ष त्याकडे होते. जिल्हा न्यायालयातल्या अनाम आरोपीला एवढे लक्ष लाभत नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या ठराविक अधिकाऱ्यांचा अहवाल कायद्यानुसार तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. अहवालात फक्त ‘जुळते’ एवढेच लिहिलेले असेल, तर उलटतपासणी करायची तरी कशाची?

म्हणून नव्या निधीतला अगदी लहान वाटा जिथे जायला हवा ती जागा स्पष्ट आहे. प्रत्येक जप्त रिव्हॉल्व्हरच्या सगळ्या गळ्यांचा आणि नळीच्या खाचांचा व्यास मोजून तो अहवालात द्यावा. पिन गेजचा एक संच, मऊ शिशाच्या काही कांड्या आणि चांगला मायक्रोमीटर एवढ्यावर हे काम अर्ध्या दिवसात होते. सापडलेल्या गोळीचा व्यास, वजन आणि शक्य तिथे मिश्रधातूचे घटक नोंदवावेत. चाचणीची गोळी त्याच मापाची आणि त्याच कठिणतेची असावी. प्रत्येक कप्प्यातून ती झाडावी आणि कोणत्या कप्प्याची ते लिहावे. तुलनेची छायाचित्रे जोडावीत. ‘जुळत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. गळा अरुंद निघाल्यास दुसरा निष्कर्ष लिहिण्यात तज्ज्ञाची मानहानी नाही. असे हजार अहवाल साठले, की भारतीय शस्त्रांवर चुकीच्या जुळणीचे प्रमाण मोजायला पहिली खरी सामग्री मिळेल. भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पीएचडीसाठी याहून उपयुक्त विषय शोधावा लागेल.

आणि हे मापन गोळी प्रयोगशाळेत आल्या आल्या व्हावे. दमट मुद्देमालखोलीत दोन पावसाळे काढलेल्या शिशावर पांढुरका थर चढतो, आणि सगळ्यात आधी नाहीसे होतात ते बारीक ओरखडेच.