‘ला प्रोस्ताता’ आणि माचो मंडळी

स्पॅनिशमध्ये प्रोस्टेटला म्हणतात ‘ला प्रोस्ताता’. चक्क स्त्रीलिंगी! आपल्याकडे तिचं नाव पौरुषग्रंथी. तीही ‘ती’च, पण नावातच पौरुष, म्हणजे इगोचा प्रश्न आलाच.

अमेरिकेतल्या लॅटिनो पुरुषांमध्ये, त्वचेचा सोडला तर, सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. सुरुवातीला ना दुखणं ना खुपणं, मग डॉक्टर कशाला? त्यात गुदद्वारात बोट घालून करायची तपासणी म्हटली की ‘माचिस्मो’ आडवा येतो. खरं तर सुरुवात रक्ताच्या साध्या पीएसए टेस्टने होऊ शकते, हेच अनेकांना माहीत नसतं. पण सगळं खापर मर्दानगीवर फोडणं मला पटत नाही, बॉस. हेल्थ इन्शुरन्स नसलेल्यांचं प्रमाण याच समाजात खूप. रोजंदारीवाल्याने सुट्टी टाकली की त्या दिवसाचे पैसे गेले. वर डॉक्टर बोलणार इंग्लिशमध्ये!

म्हणून तिथे ‘प्रोमोतोरेस’ कामाला लागतात. वस्तीतलीच, ट्रेनिंग घेतलेली माणसं. चर्चमध्ये, हेल्थ फेअरमध्ये स्पॅनिशमध्ये गप्पा मारणारी. मेक्सिकोच्या तिथल्या वकिलातींमध्ये तर ‘व्हेंतानिया दे सालुद’, म्हणजे आरोग्याची खिडकीच आहे. पासपोर्टच्या कामाला आलेला माणूस तसाही ताटकळत असतो, तेवढ्यात तब्येतीच्या चार गोष्टी. मस्त आयडिया! काही ठिकाणी बायकांनाही सोबत बोलावतात, कारण नवऱ्याला दवाखान्यात ढकलणारी तीच. (आई आठवली ना?)

अवघड भाग पुढे आहे. पीएसएचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. वयामुळे वाढलेल्या ग्रंथीने किंवा इन्फेक्शननेही तो चढतो. मग बायॉप्सी, टेन्शन. कधी तर जन्मभर त्रास न देणाऱ्या कॅन्सरवरही ऑपरेशन होतं आणि लघवीवरचा ताबा जातो, सेक्समध्ये अडचणी येतात. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने ही टेस्ट सरसकट नकोच म्हटलं. २०१८ मध्ये सल्ला बदलला : ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं. आता हे सगळं पोस्टरवर कसं मावणार? समोर बसून, न लाजता बोलणारं आपलं माणूसच हवं.

शिवाय वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर धोका वाढतो. तोही ६५ च्या आत झाला असेल, तर टेस्टबद्दलचं बोलणं पन्नाशीऐवजी ४५ लाच सुरू करा, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते. पण त्यासाठी पप्पांनी आधी मुलाला सांगायला हवं ना! नाहीतर तो बिचारा दवाखान्याच्या फॉर्मवर ‘फॅमिली हिस्टरी’समोर बिनधास्त ‘नाही’ लिहून मोकळा होतो.