घरपट्टीचा जाब कोणी विचारावा?

मार्च महिना लागला की ग्रामपंचायतीचा शिपाई बिलांचा गठ्ठा काखेत मारून दारोदार फिरू लागतो. वाड्यातल्या धन्यास त्याचे भय नसते. तो त्याला चहा पाजतो, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो, आणि शिपाईही हसत पुढे जातो. पण तोच शिपाई वस्तीच्या टोकास पत्र्याच्या घरापुढे उभा राहिला म्हणजे आतल्या बाईच्या पोटात गोळा उठतो. कागदावर काय लिहिले आहे ते तिला उमगत नाही. आकडा मोठा आहे आणि गाठीस पैसा नाही, एवढेच तिला कळते. बेलापुरासारखे प्रवरेकाठचे जुने बाजारगाव असो की चार उंबऱ्यांची वाडी असो, हा देखावा दरसाल ठरलेला. म्हणून आज घरपट्टीविषयी वाचकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, कर बुडवा असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. नळाला पाणी हवे, खांबावर दिवा हवा, गटार वाहते हवे, तर त्याचा खर्च गावाने सोसलाच पाहिजे. आमचे म्हणणे निराळे आहे. जो कर देतो त्याला जाब विचारण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क गरिबाला वापरता येत नसेल तर तो कर राहत नाही, तो दंड होतो.

हे म्हणणे आमच्या पदरचे नव्हे. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेण्यास सुरुवात झाली. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जावयाचा होता. आणा कुणब्याने दिला आणि शाळा भरल्या पांढरपेशांच्या मुलांनी! जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले की, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि तिचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. हेच जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन साहेबांच्या स्वागतासाठी पालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. करदात्याचा पैसा कोणाकडून घेतला आणि कोणावर खर्चिला, हा प्रश्न पंचायतीच्या दारात विचारणे ही आमची जुनी रीत आहे.

दुसरा धडा कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून टाकली आणि पगारी तलाठी नेमले. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती गाव, हे महाराजांनी ओळखले होते. दप्तर कोणास वाचता येत नाही याचाच फायदा घेऊन गावगाडा हाकला जात असे. आज ते दप्तर संगणकात गेले आहे. पण ते ज्याला वाचता येत नाही त्याच्या लेखी लाल फडक्यातले बाड काय आणि संगणकाचा पडदा काय, दोन्ही सारखेच मुके!

तेव्हा त्या दप्तरात काय असते ते पाहू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली आणि १९६० च्या कर व फी नियमांप्रमाणे बसतो. हे नियम डिसेंबर २०१५ मध्ये बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जागेचे क्षेत्र व तिचा सरकारी दर, बांधकामाचे क्षेत्र व त्याचा दर, घराचे वय पाहून घट आणि वापर पाहून भार, असा हिशेब करून घराचे मूल्य काढतात. मग त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे कर लावतात. झोपडी किंवा मातीच्या घरास हा दर ३० ते ७५ पैसे, तर सिमेंट काँक्रीटच्या घरास १२० ते २०० पैसे. दर चार वर्षांनी आकारणी नव्याने करावयाची असते. बिलात घरपट्टीशेजारी दिवाबत्ती, सफाई, सामान्य पाणीपट्टी आणि नळ असेल तर विशेष पाणीपट्टी अशी भावंडेही बसलेली असतात. ह्या साऱ्या गणितात जमिनीला रकाना आहे, भिंतीला रकाना आहे. घरात राहणाऱ्याच्या मिळकतीला मात्र रकाना नाही.

ह्याचा परिणाम घरकुलवाल्यांनी पाहावा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या गावी घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळू लागले. कुडाची भिंत गेली, पक्की भिंत आली. फार चांगले झाले. पण पक्क्या भिंतीबरोबर घराचे मूल्य वाढले आणि दरही वरचा लागला. आम्ही शाळेत गणित शिकवितो, म्हणून एक उदाहरण मांडतो. मानू की जुन्या मातीच्या घराचे मूल्य एक लाख होते आणि दर ५० पैसे होता. घरपट्टी झाली ५० रुपये. नव्या घराचे मूल्य तीन लाख धरले आणि दर दीड रुपया लागला. घरपट्टी झाली ४५० रुपये. घरात राहणारी तीच, तिची मजुरी तीच, आणि कर नऊपट! त्यात विशेष पाणीपट्टी वर्षाची १२०० धरली तर बिल होते १६५०. पाच वर्षे तुंबले की ८२५० रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सव्वीस दिवसांहून अधिकची मजुरी, आणि तीही त्या दिवसांत पोटास काही न खाता!

एवढ्यावर संपत नाही. आकडा बरोबर असेल तर निदान तो बरोबर आहे हे समाधान. पण कागद आणि जागा यांचा मेळ नेहमीच असतो असे नाही. बेलापूरकरांस हे नव्याने सांगावयास नको. बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन आहे श्रीरामपूर शहरात! स्टेशनाची गंमत चालून जाते, घराची चालत नाही. मुलांचे पालक पाटीपुस्तकाबरोबर कधी कधी घरपट्टीचे बिलही आमच्यापुढे ठेवतात. कोठे पडलेल्या खोलीचा कर चालूच आहे, कोठे जोडणी नसलेल्या नळाची पट्टी लागली आहे. कोठे मेलेल्या सासऱ्याच्या नावे बाकी आहे आणि वाटणी झालेल्या दोघा भावांकडे तीच बाकी दोनदा मागितली आहे. हे दोष कोण्या एका गावचे नव्हेत. फुटपट्टी न लावता कचेरीत बसून मापे लिहिली म्हणजे असे व्हावयाचेच.

मग कायद्यात इलाज नाही काय? आहे, आणि चांगला आहे. आकारणीची यादी लावल्यावर नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत घेता येते. कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील करता येते आणि तिच्या निकालावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येते. पण यादी लागते फळ्यावर, फळा असतो कचेरीत, आणि कचेरी उघडते त्या वेळी मजूर बांधावर असतो. अपीलासाठी बेलापूरहून श्रीरामपुरास जावे तर एक रोज बुडाला. पुढे जिल्ह्याच्या गावी अहिल्यानगरास जावे तर दुसरा रोज आणि एस.टी.चे भाडे. वाड्यातला धनी आपल्या कारकुनास धाडतो. मजुराने कोणास धाडावे? मुदत टळते आणि चुकलेला आकडा पक्का होतो. आमच्या मते गरिबाचे नुकसान कराने होते त्याहून अधिक ह्या टळलेल्या मुदतीने होते.

सवलतीचेही तसेच. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरणाऱ्यास ५ टक्के सूट आहे आणि मागे राहणाऱ्यास ५ टक्के दंड. पहिली सहामाही म्हणजे पेरणी, शाळेची पुस्तके, पावसाळ्याचे आजार! त्या दिवसांत ज्याच्या हाती पैसा खुळखुळतो त्याला सूट, आणि ज्याच्या हाती नाही त्याच्या माथी दंड. २०२५ साली मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाच्या निमित्ताने सरकारने राहत्या घरांची निम्मी थकबाकी सोडण्याची मुभा ग्रामपंचायतींस दिली. मात्र चालू वर्षाचा कर आणि उरलेली निम्मी बाकी एकदम भरण्याची अट होती. वरच्याच उदाहरणात मागील चार वर्षांचे ६६०० होतात; निम्मे ३३०० आणि चालू १६५० मिळून ४९५० रुपये एका हप्त्यात. संजय गांधी निराधार योजनेतून २०२३ नंतर महिना १५०० रुपये मिळू लागले, त्या विधवेने सव्वातीन महिने चूल विझवून हे पैसे आणावे काय? ज्याने ऐपत असून बाकी थकविली त्याने मात्र ही माफी मिशीला पीळ भरत घेतली असेल.

इंग्लंडात घरपट्टीस कौन्सिल टॅक्स म्हणतात. घराच्या १ एप्रिल १९९१ रोजीच्या किमतीवरून तेथे त्याचे वर्ग पाडलेले आहेत. परंतु मिळकत थोडी असेल तर त्या कुटुंबास आपल्या कौन्सिलकडे अर्ज करून कर कमी करून घेता येतो. तेथेही सारे गोड आहे असे नाही. कर न भरल्याबद्दल तुरुंगाची तरतूद तेथे होती, ती वेल्सने २०१९ साली काढून टाकली. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, घर पाहून कर बसविला तरी घरातली चूल पाहून तो हलका करता येतो, हे इतरत्र लोकांना सुचलेले आहे. आम्हांसही सुचावयास हरकत नाही.

आता वसुलीकडे वळू. कलम १२९ प्रमाणे आधी बिल, मग मागणीचा लेखी हुकूम, आणि त्यानंतरच जंगम वस्तूंची जप्ती व विक्री. हा क्रम सोडून कोणी दारातली शेळी सोडवू म्हणेल तर त्यास लेखी हुकूम विचारावा. दुसरी वाईट खोड म्हणजे बाकी आहे म्हणून दाखला अडविणे. पोराला शाळेत घालावयाचे, म्हातारीला निराधारांत बसवावयाचे, आणि टेबलापलीकडून उत्तर येते, "आधी घरपट्टी." जन्ममृत्यूचे दाखले, निराधार असल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा ह्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली नेमलेल्या सेवा आहेत. त्या नाकारावयाच्या तर कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर अपील आहे. तोंडी नकार म्हणजे नकारच नव्हे, असे समजून प्रत्येकाने अर्ज लिहून द्यावा व पोच घ्यावी.

सर्वांत मोठी गोष्ट आम्ही शेवटी ठेविली आहे. रीतसर बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा मनुष्य पंचायतीचा सभासद होण्यास किंवा राहण्यास कलम १४ खाली अपात्र ठरतो. गावचे पुढारीपण करणाऱ्याने गावचा कर बुडवू नये, हे रास्तच. पण चुकीच्या बिलाने ज्याची बाकी तुंबली त्या मजुराचा, त्या बाईचा पंचायतीचा रस्ताही त्याच बिलाने बंद होतो, हे कोणाच्या ध्यानात येते काय? मग राखीव जागा कागदावर राहतात, आणि कर ठरविणारे तेच, ज्यांना कराची कधी धास्ती वाटली नाही.

म्हणून पंचायतींस आमचे मागणे आहे. आकारणीची यादी फळ्यावर लावून मोकळे होऊ नका. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचा. एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, सव्वीस जानेवारी ह्या दिवशी झेंडा आणि भाषणे होतातच, त्यात अर्धा तास ह्या यादीला द्या. माप घेताना घरधन्यास समोर उभे करा. बाकी हप्त्याने घ्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती द्या. जप्तीची यादी करावयाची तर सर्वांत मोठ्या थकबाकीदारापासून खाली या. खालून वर चढू नका.

आणि बांधवहो, भगिनींनो, तुम्हांसही सांगणे आहे. बिल आले की फळीवर टाकू नका. आलेली तारीख त्यावर लिहा. नमुना ८ चा उतारा मागा आणि आपल्या घराची मापे स्वतः घ्या. दोरी व वीट पुरे, नाहीतर शाळेत या, आमची पोरे टेप घेऊन येतील. नमुना ९ च्या मागणी वहीत आपल्या नावापुढे काय बाकी दाखविली आहे ते पाहा आणि जुन्या नमुना १० च्या पावत्यांशी ताडून पाहा. कागद मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसास तीही नाही. जेवढी रक्कम कबूल असेल तेवढी भरून पावती घ्या, आणि वादाची रक्कम मुदतीच्या आत कागदावर मांडा. चार शेजारी मिळून अर्ज करा, म्हणजे श्रीरामपूरचा एक रोज चौघांत वाटला जाईल.

गरिबाने कर चुकवावा असे आम्ही म्हणत नाही. त्याने तो मोजून द्यावा आणि मोजून मागावा, एवढेच म्हणतो. ज्या दिवशी पत्र्याच्या घरातली बाई शिपायास "थांबा दादा, आधी हिशेब पाहू" असे म्हणेल, त्या दिवशी पंचायतीची वसुलीही वाढेल आणि अब्रूही.