प्रक्षेपण केंद्राची वीट रचण्याआधी लेखी करार करा

प्रति,
संयोजक, राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा २०३०, अहमदाबाद
माहितीसाठी : भारतीय ऑलिम्पिक संघटना, माहिती व प्रसारण मंत्रालय

विषय : स्पर्धेसाठी उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या प्रक्षेपण व पत्रकार केंद्रांतील कामाच्या अटींबाबत

महोदय,

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोच्या सभेत २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. १९३० साली हॅमिल्टनमध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेला २०३० मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. आपल्या देशात ती होते याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. स्पर्धेसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रक्षेपण केंद्र, एक मुख्य पत्रकार केंद्र आणि प्रत्येक मैदानामागे ओबी (बाह्य प्रक्षेपण) व्हॅनचा तळ उभा राहील. तिथले कॅमेरामन, ध्वनितंत्रज्ञ, रिप्ले कापणारे ईव्हीएस ऑपरेटर, केबल ओढणारे, मचाण बांधणारे यांतले पुष्कळजण मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुण्याहून येतील, कारण देशातल्या क्रीडाप्रक्षेपणाचा मोठा भाग वर्षानुवर्षे याच पट्ट्यातून चालतो. ही माणसे आमच्या प्रक्षेपण तंत्रज्ञांच्या संघटनेची सभासद आहेत. जवळपास सगळी शिफ्टवर, रोजंदारीवर काम करतात.

स्पर्धेला अजून अवकाश आहे, इतक्या लवकर मागणीपत्र कशाला, असे विचारले जाईल. याचे कारण अनुभवाचे आहे. प्रक्षेपण केंद्र महिन्या-दीड महिन्यासाठी उभे राहते. उद्घाटनाची तारीख हलत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत जो तो एकच सांगतो : आता स्पर्धा होऊ द्या, मग बघू. स्पर्धा होते, केंद्र उतरवले जाते, परदेशी पथक विमानात बसते, संयोजन समिती गुंडाळली जाते. मग थकलेल्या बिलाचा कागद घेऊन कुणाच्या दारात जायचे? जिथे मालकच तात्पुरता असतो तिथे हक्क आधीच कागदावर आला पाहिजे, आणि तो यजमान प्रक्षेपकाशी होणाऱ्या मूळ कंत्राटातच आला पाहिजे. ही आमची मुख्य मागणी आहे, बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

दिल्लीचा धडा समोर आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेची पत्रकार व प्रक्षेपण केंद्रे प्रगती मैदानात होती, आणि दूरदर्शनने हाय डेफिनिशन प्रक्षेपण त्याच स्पर्धेपासून सुरू केले. तंत्रज्ञांच्या दृष्टीने ती मोठी झेप होती. पण स्पर्धेनंतर चौकशीसाठी नेमलेल्या शुंगलू समितीने पहिला अहवाल दिला तो यजमान प्रक्षेपणाच्या कंत्राटावरच. कंत्राट एकाने घ्यायचे आणि प्रत्यक्ष काम पोटकंत्राटाने दुसऱ्याकडे द्यायचे, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. अशा साखळीत प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या केबलमनच्या हातात काय पडेल याची हमी कुणीच देत नाही. म्हणून पोटकंत्राटाची एकच पायरी असावी, तिच्याखाली कुणी नसावे. प्रत्येक तंत्रज्ञाला त्याचे पद, दर आणि शिफ्टची लांबी लिहिलेले नेमणूकपत्र मराठी, हिंदी किंवा गुजराती यांपैकी त्याच्या भाषेत मिळावे. पैसे तीस दिवसांत द्यावेत. त्यासाठी मेहनतान्याची पूर्ण रक्कम स्पर्धेआधी वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि थकबाकी नसल्याचा दाखला मिळाल्याशिवाय संयोजन समिती विसर्जित करू नये.

कामाच्या तासांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. रात्रीचा सामना साडेदहाला संपला म्हणजे प्रेक्षकांचा दिवस संपतो. आमचे डीरिग तेव्हा सुरू होते. कॅमेरे उतरवायचे, शेकडो मीटर केबल गुंडाळायची, जॉइंटवरची ताडपत्री काढायची, ट्रायपॉड गाडीत भरायचे. तोवर स्टेडियममधली स्वच्छतागृहे कुलूपबंद झालेली असतात. ओबी तळावर जनरेटरचा धूर असतो आणि पिण्याच्या पाण्याचा जार रिकामा असतो. व्हॅनच्या आत यंत्रांसाठी थंडगार एसी चालतो, मचाणावरच्या कॅमेरामनला भर दुपारी डोक्यावर साधी कनातही नसते. सभासद भगिनींना तर स्वच्छतागृहासाठी पहाटेपर्यंत वाट पाहावी लागते किंवा पाणीच कमी प्यावे लागते. ही गोष्ट आम्ही मागण्यांच्या यादीत शेवटी ढकलणार नाही. प्रत्येक ओबी तळावर चोवीस तास उघडी राहणारी, स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, प्रत्येक मचाणावर सावली आणि रात्री नऊनंतर सुटणाऱ्या प्रत्येकाला घरापर्यंत किंवा हॉटेलपर्यंत वाहन, हे केंद्राच्या आराखड्यातच दाखवावे.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने बातमीदारासाठी चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा आखली होती. शेजारी उभ्या असलेल्या रोजंदारी कॅमेरामनला तशी कोणतीच रेषा नव्हती. म्हणून कॉल टाइमपासून पॅकअपपर्यंत, प्रवास धरून, बारा तासांपुढे काम नको. दोन शिफ्टमध्ये दहा तासांची विश्रांती हवी. आठ तासांपुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर मिळावा. उंचीवर आणि विजेजवळ काम करणाऱ्यांचा अपघात विमा पहिल्या केबलपासून शेवटच्या केबलपर्यंत लागू असावा.

आता एक नवा प्रश्न आहे. दूरस्थ निर्मिती वाढते आहे : मैदानातला सिग्नल फायबरने दूरच्या गॅलरीत जातो, आणि समालोचक मैदानाऐवजी स्टुडिओतल्या पडद्यापुढे बसतो. ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणात क्लाउड आल्यापासून केंद्राला लागणारी जागाही कमी होऊ लागली. उद्या अहमदाबादचे बरेच काम मुंबईच्या स्टुडिओत होईल. तिथे बसलेल्यांना 'तुम्ही स्पर्धेवर नव्हता' असे सांगून वरच्या अटींतून वगळू नये. काम स्पर्धेचे असेल तर ते कुठूनही होवो, अटी त्याच.

पत्रकार केंद्राविषयी दोनच गोष्टी. अशा स्पर्धांत टेबल, मॉनिटर, समालोचन कक्ष, इंटरनेट हे सगळे दरपत्रकानुसार भाड्याने मिळते, आणि ते दर मोठ्या परदेशी वाहिन्यांना परवडतात. जिल्ह्याच्या मराठी दैनिकाला किंवा आकाशवाणीच्या केंद्राला ते परवडत नाहीत. समालोचक बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून मराठीत क्रिकेट घराघरांत पोहोचवले. धावपटू, मल्ल, नेमबाज यांची स्पर्धाही तशीच पोहोचायची असेल तर भारतीय भाषांसाठी सवलतीचे दर आणि राखीव समालोचन कक्ष हवेत. दुसरे, इंटरनेट मोकळे हवे. २००८ मध्ये बीजिंगच्या मुख्य पत्रकार केंद्रात काही संकेतस्थळे बंद असल्याचे पत्रकारांना पोहोचल्यावर कळले होते. तसे इथे होणार नाही, याची लेखी हमी आधी द्यावी.

केंद्राचे पुढे काय करायचे हेही आत्ताच ठरवावे. लंडनने २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी हॅकनीत बांधलेले प्रक्षेपण केंद्र मोडून टाकले नाही. तिथे पुढच्याच वर्षी एका क्रीडा वाहिनीचा स्टुडिओ सुरू झाला, आणि आज ते हिअर ईस्ट या नावाने उभे आहे. अहमदाबादमधली इमारत भाड्याची असली तरी यंत्रे, केबल, फायबरचे जाळे उरेल. त्याचा काही भाग सरकारी तंत्रनिकेतनांना द्यावा. ऑलिम्पिक प्रक्षेपण यंत्रणा यजमान देशातल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन पगारी कामावर घेते. इथेही तशी योजना स्पर्धेच्या दोन वर्षे आधी सुरू व्हावी. 'अनुभव मिळेल' या नावाखाली स्वयंसेवक म्हणून तंत्रज्ञाचे काम फुकट करून घेण्यास आमचा ठाम विरोध आहे.

या मागण्यांवर बोलायला आमचे प्रतिनिधी अहमदाबादला येतील. समोर मात्र कंत्राटदाराचा माणूस नको, कंत्राटावर सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हवी, आणि ही बैठक यजमान प्रक्षेपकाची निविदा निघण्याआधी व्हावी.

कळावे,
कार्यकारिणी व सर्व सभासद