तेलकट पापण्यांवर चुंबकीय पापण्या

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप थोडे बदलते. वजन, केसगळती, चेहऱ्यावरील पुटकुळ्या यांच्या जोडीला अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : ‘डॉक्टर, चुंबकीय पापण्या लावल्या तर चालतील का? माझ्या पापण्या फार तेलकट आहेत, त्यावर त्या टिकतच नाहीत.’ प्रश्न नटण्यासवरण्याचा म्हणून पुष्कळदा तो संकोचाने, औषधाची चिठ्ठी हाती घेऊन उठता उठता विचारला जातो. वाचकहो, मला मात्र त्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. पापण्या तेलकट का आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरील झडपेसाठीही वापरतात आणि तिच्या कडेवरील केसांसाठीही. या लेखात झडपेला पापणी आणि केसांना पापणीचे केस म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.

चुंबकीय पापण्या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात कृत्रिम केसांच्या दोन पट्ट्या असतात. एक नैसर्गिक केसांच्या वर आणि दुसरी खाली ठेवली की त्या एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या, अधिक प्रचलित प्रकारात आधी एक खास आयलायनर लावतात. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. हे आयलायनर वाळले की त्याच्या थरावर बारीक चुंबके बसवलेली पट्टी टेकवायची. गोंद लागत नाही, हा या प्रकाराचा मोठा गुण. गोंदातील रसायनांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना त्याचे विशेष आकर्षण वाटते.

मग तेलकट पापणीवर बिघडते काय? चुंबकाची ओढ तेलाने कमी होत नाही. पट्टी आयलायनरला धरून राहते. सुटते ते आयलायनर. त्वचेवरील स्निग्धांश त्याच्या वाळलेल्या थराखाली शिरतो, थर मऊ पडतो आणि त्वचेपासून उचलला जातो. मुंबई-कोकणातील दमट हवेत घामाचीही त्यात भर पडते. थराचे कपचे निघतात आणि मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणाऱ्या पापणीबरोबर ते डोळ्यात जातात. अशा वेळी बहुतेक जणी एकच उपाय करतात : आयलायनरचा आणखी जाड थर. जाड थर नीट वाळत नाही आणि लवकर भेगाळतो, म्हणजे कपचे अधिकच पडतात.

दुसरा उपाय याहून घातक आहे : पापणी ‘कोरडी ठक्क’ करण्याचा. स्पिरिटचा बोळा, लिंबाचा रस, मुलतानी माती, हातांसाठीचे सॅनिटायझर असे सारे प्रयोग मी पाहिले आहेत. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा आहे. तिच्यावर असे काही चोळले की ती लाल होते, सुजते, तिचे पापुद्रे निघतात. आणि त्यातला थेंबभर जरी डोळ्यात उतरला तरी पारपटलाला, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, इजा होऊ शकते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पापणीवर दोन निरनिराळी तेले असतात. एक बाहेरच्या त्वचेवरचे. ते कपाळावर वा नाकावर येते तसेच. दुसरे पापणीच्या कडेवरचे. केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची एक ओळ असते. ती मायबोमियन ग्रंथींची तोंडे. सतराव्या शतकात हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा या ग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारे तेल अश्रूंच्या थरावर तरळते आणि अश्रूंचे बाष्पीभवन रोखते. हे तेल कमी पडले की डोळे चुरचुरतात, जड होतात आणि कधीकधी उलट त्यांतून पाणीच वाहू लागते. बाहेरचे तेल हलक्या हाताने पुसायला हरकत नाही. कडेवरचे तेल मात्र डोळ्याची गरज आहे. ते पुसायचे नाही आणि त्याची वाटही बुजवायची नाही. चुंबकीय आयलायनर नेमके या दोहोंच्या सीमेवर लावले जाते. म्हणून ते केसांच्या मुळांच्या बाहेरच्या बाजूला, त्वचेवरच राहिले पाहिजे. काजळासारखे आतल्या ओल्या कडेवर ते कधीही लावू नये.

आता पापणी तेलकट का, या प्रश्नाकडे वळू. काहींची त्वचाच तेलकट असते. काही जणी रात्री केस वाढावेत म्हणून पापण्यांना एरंडेल लावतात. त्याने केस वाढतात याचा भक्कम पुरावा नाही. सकाळी आयलायनर घसरते हे मात्र खरे. परंतु सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असणे, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसणे, कडा लाल असणे व खाजणे, वरचेवर रांजणवाडी होणे ही लक्षणे असतील तर तो ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह, असण्याचा संभव असतो. डोक्यात कोंडा असणाऱ्यांत तो विशेष आढळतो. अशा पापणीवर आयलायनर आणि पट्टी चढवणे म्हणजे सुजल्या पायात घट्ट बूट घालणे होय.

गेल्या वर्षी एक तरुणी साखरपुड्याच्या दोन आठवडे आधी आली होती. तिसऱ्यांदा रांजणवाडी झाली होती आणि ‘पापण्या टिकत नाहीत’ ही तक्रार होतीच. तिच्या केसांच्या मुळाशी पिवळसर पापुद्रे साचले होते. डोक्यातील कोंड्यावर उपचार, डोळ्यांचा साजशृंगार पूर्ण बंद आणि दिवसातून दोनदा शेक व स्वच्छता एवढेच सांगितले. दोन आठवड्यांत कडा बऱ्याच निवळल्या. साखरपुड्याला तिने साधा मस्काराही लावला नाही, याची तिच्या आईला थोडी रुखरुख लागली. लग्नात मात्र तिने हौस पुरवून घेतली आणि रांजणवाडी पुन्हा झाली नाही.

शेक आणि स्वच्छतेची रीत सोपी आहे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ सुती फडके बुडवून, पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. निवले की पुन्हा बुडवावे. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर अशी बोटाने हलकेच दाबत न्यावी. शेवटी पापण्यांसाठीच्या सौम्य द्रवाने केसांची मुळे पुसावीत.

पापण्या निरोगी असतील आणि प्रश्न केवळ तेलकट त्वचेचा असेल, तर पुढील काळजी घेऊन हौस जरूर करावी :

हात धुवावेत, चेहरा नेहमीच्या सौम्य साबणाने धुऊन टिपून कोरडा करावा. त्या सकाळी पापणीवर क्रीम लावू नये. तेलरहित प्रायमर किंवा किंचित पावडर फक्त त्वचेवर, कडेपासून दूर लावावी. आयलायनरची बाटली हलवून घ्यावी, कारण लोहकण तळाशी बसतात. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. पट्टी डोळ्याला लावून पाहावी. लांब असल्यास बाहेरच्या टोकाकडून कापावी. आतल्या कोपऱ्याला ती टोचता कामा नये.

केस फार लांब घेऊ नयेत, याला शास्त्रीय आधार आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की पापणीचे केस डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असतात तेव्हा डोळ्यावरून वाहणारी हवा सर्वांत कमी होते. त्याहून लांब केस उलट हवा आणि धूळ डोळ्याकडे वळवतात.

समारंभ संपला की पट्टी काढावी. ती लावून झोपू नये. ओढू नये, बाहेरच्या कोपऱ्याकडून अलगद सोडवावी. आयलायनर रिमूव्हरने पूर्ण उतरवून मग पापण्या धुवाव्यात, कारण रिमूव्हरचा तेलकट अंशही मागे राहतो. चुंबकांवरील वाळलेले थर पुसून ठेवावेत. बहिणीबहिणींनी, मैत्रिणींनी एकच पट्टी वा आयलायनर वापरू नये. उघडलेली बाटली तीन महिन्यांनी टाकून द्यावी.

काही वाचकांना वेगळे सांगायला हवे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हे आयलायनर शक्यतो टाळावे. कण लेन्सखाली अडकतात. एमआरआय तपासणीपूर्वी पट्टी आणि आयलायनर दोन्ही पूर्णपणे काढणे अनिवार्य आहे. घरात लहान मूल असेल तर पट्ट्या कुलपात ठेवाव्यात, कारण एकाहून अधिक चुंबके गिळली गेल्यास ती आतड्यात एकमेकांकडे ओढली जाऊन गंभीर इजा करू शकतात. केमोथेरपीने किंवा चाई पडून ज्यांचे पापणीचे केस गळले आहेत, त्यांना आरशातला आपला चेहरा पुन्हा ओळखीचा वाटावा असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांना आयलायनरचा प्रकार उपयोगी पडतो, कारण त्याला नैसर्गिक केसांचा आधार लागत नाही. मात्र केमोथेरपी चालू असताना जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना, दृष्टी धूसर झाली, पू आला किंवा पापणी सुजून डोळा उघडेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. अशा थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली तात्पुरती ओसरते, पण पारपटलावरील जखम आतून चिघळू शकते.

लग्नाच्या खरेदीची यादी करताना एवढे करा : पट्ट्या विकत घेण्यापूर्वी, महिनाभर आधी, सकाळच्या उजेडात आरशासमोर उभे राहून आपल्या पापण्यांच्या कडा नीट पाहा. त्या स्वच्छ असतील तर निश्चिंत मनाने नटा. लाल वा पापुद्रेदार असतील तर उपचाराला पुरेसा वेळ तुमच्या हाती असेल.