चपलेला भाव, कारागिराला उचल

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात कोल्हापुरीसारखी हुबेहूब दिसणारी पायताणे झळकली आणि आपल्याकडे एकच गदारोळ उडाला. ज्यांना चर्मकार वस्तीत कधी पाऊल टाकावेसे वाटले नाही त्यांनाही एकाएकी मराठी अस्मितेचा उमाळा आला. पुढे कंपनीने या चपलेचे मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला व येथे दोन हजार जोड बनवून घेण्याचे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर!

या बातमीचा आनंद आम्हालाही आहे. ज्या हातांना या देशाने हजारो वर्षे अस्पृश्य ठरविले, त्या हातांची कला जगाने ओळखली याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु गदारोळ करणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. प्राडाने चोरी केली म्हणून तुम्ही ओरडलात, मग इथल्या पेठेत रोज जी लूट चालते तिच्याबद्दल तुमची वाचा का बसली?

ही चप्पल कशी बनते ते आधी पाहा. कच्चे कातडे चुन्यात भिजवायचे, केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमवायचे. यात कित्येक दिवस जातात. मग रापीने तळ कापायचा, चामड्याच्याच वादीने तो शिवायचा. खिळा लावायचा नाही. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायाच घालतात आणि त्यांच्या कामाची वेगळी मजुरी कुणी धरीत नाही. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, चप्पल खपत नाही. त्या चार महिन्यांत घर चालवायचे तर दुकानदाराकडून उचल घ्यावी लागते. उचल घेतली की दिवाळीच्या हंगामातला माल त्याच दुकानात, त्याच दुकानदाराच्या भावाने घालावा लागतो. कातडेही उधारीवर. म्हणजे कच्चा माल एकाचा, बाजार दुसऱ्याचा आणि आमच्या माणसाची फक्त आरी व रापी. याला उद्योग म्हणायचे की घरात बसून केलेली वेठ?

कातड्याचे तर आणखी वेगळेच. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलापर्यंत वाढविण्यात आला. म्हशीला ती बंदी लागू नाही. पण रस्त्यात गाडी अडविणारी टोळी कातडे कोणत्या जनावराचे आहे हे तपासून मारीत नाही. २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या तरुणांना भर चौकात कसे फोडून काढले ते साऱ्या देशाने पाहिले आहे. एकीकडे कारागिराचा गौरव आणि दुसरीकडे त्याच्या कच्च्या मालावर काठी, असा हा दुटप्पी कारभार आहे.

लघुउद्योग हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे असे प्रत्येक सरकार सांगते. ते खरेही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीनुसार देशात सहा कोटी तेहतीस लाखांहून अधिक सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते आणि त्यांवर अकरा कोटींहून अधिक माणसे पोट भरीत होती. याच पाहणीतले पुढचे आकडे मात्र मंत्र्यांच्या भाषणात येत नाहीत. सूक्ष्म उद्योगांत अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग १२.४८ टक्के, लघु उद्योगांत ५.५० टक्के आणि मध्यम उद्योगांत शून्य! वाचकहो, हा छपाईचा दोष नव्हे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशाच्या लोकसंख्येत १६.६ टक्के होत्या. पायरी चढावी तसा आमचा माणूस गळत जातो आणि तिसऱ्या पायरीवर पाहणीला तो सापडतच नाही. आमच्यात उद्यमशीलता नाही असे म्हणणाऱ्यांनी पहिला आकडा पुन्हा वाचावा. धंदा सुरू करणारे लाखो आहेत. त्यांना वाढू कोण देत नाही, हे शोधायला हवे.

या प्रश्नाचा विचार बाबासाहेबांनी १९१८ सालीच करून ठेवला आहे. भारतातील लहान शेतजमिनींविषयीच्या आपल्या निबंधात त्यांनी त्या काळच्या पंडितांना उलटा प्रश्न केला होता. जमिनीचा तुकडा लहान आहे म्हणून शेती तोट्यात जाते, असे पंडित म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की तुकडा लहान की मोठा हे नुसत्या मापाने ठरत नाही. त्यावर राबणारे हात, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. भांडवल नसेल तर मोठी जमीनही तोट्याची. उद्योगीकरण करा, शेतीवरचे रिकामे हात तिकडे न्या, हा त्यांचा उपाय होता. हाच नियम चपलेच्या कारखान्याला लावून पाहा. दहा बाय बाराच्या खोलीत चालणारा धंदा खोली लहान म्हणून मरत नाही. कातडे रोखीने घेण्याची आणि माल दोन महिने हातात धरून ठेवण्याची ताकद मालकाकडे नसते, म्हणून तो मरतो.

ही ताकद देण्यासाठी कायदे आहेत, असे सांगितले जाते. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ मध्ये आयकर कायद्यातही तरतूद झाली की मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही. कागदावर उत्तम! पण उचलीच्या धंद्यात बिल कुठे असते? दुकानदाराच्या वहीत जोड मोजले जातात आणि उचल वजा होते. शिवाय तक्रार करायची ती त्याच माणसाविरुद्ध, ज्याच्या उचलीवर पुढचा पावसाळा काढायचा आहे.

कर्जाची कथा निराळी नाही. २०१६ मध्ये आलेल्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या उद्योजकाला दहा लाख ते एक कोटी रुपये कर्ज द्यायचे होते. अट अशी की उद्योग नव्याने उभारलेला हवा. पिढ्यान् पिढ्या चप्पल करणारा, ज्याला धंद्याची नस ठाऊक आहे, तो आपला चालू कारखाना वाढवायला गेला तर अपात्र! ती योजना मार्च २०२५ पर्यंत चालली.

आणि सरकारी खरेदी? केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सार्वजनिक उपक्रमांनी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी असे आहे. २०१५ पासून हे धोरण बंधनकारक झाले. प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे या चार टक्क्यांपासून कोसो दूर राहिली आहे. नोकरीतील आरक्षणावर रोज गळा काढणाऱ्यांना या न भरलेल्या अनुशेषाची खबरही नसते.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. हे मानांकन दोन्ही राज्यांच्या महामंडळांच्या नावावर आहे, म्हणजे पर्यायाने ते आमच्या कारागिरांचे आहे. म्हणून संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे आमची मागणी अशी आहे. प्राडाच्या दोन हजार जोडांपैकी कोणत्या गावातील कारागिरांना किती काम मिळाले आणि एका जोडामागे हातात किती पैसे पडले, याचा हिशेब जाहीर करावा. महामंडळाने कमावलेले कातडे स्वतः विकत घेऊन कारागिरांना हंगामाआधी हप्त्यावर द्यावे आणि पावसाळ्यात तयार होणारा माल रोख पैसे देऊन आपल्या गोदामात घ्यावा. पुढचा पावसाळा येण्याआधी हे झाले, तर निदान एका हंगामापुरती उचल घ्यावी लागणार नाही.