नालाच्या गोष्टीत हरवलेलं सरकार

‘पत्री सरकारवाले माणसांच्या पायांना खरंच नाल ठोकायचे का?’ १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारचा, म्हणजेच ‘पत्री सरकार’चा विषय निघाला, की सातारा-सांगलीत आजही पहिला प्रश्न हाच येतो. तेव्हा आजच्या या दोन्ही जिल्ह्यांचा बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता.

चळवळीतल्यांनी स्वतः सांगितलेली शिक्षा होती तळपायांवर काठीचे फटके मारण्याची. ती कठोर होती, हे लपवायचं कारण नाही. पण बैलांना पत्र्या मारताना पाहणाऱ्या गावांत ‘पत्री’ एवढंच कानावर पडलं, की पुढचं चित्र ज्याचं त्यानं रंगवलं. खबरे आणि गावगुंड त्या अफवेनंच वचकून राहत असतील, तर ती खोडायला कोण जाणार?

दुसरा आक्षेप दरोडेखोरीचा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेतला सरकारी पगाराचा पैसा काढून घेतला. कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड यांना त्याला ‘लूट’ म्हटलेलं अखेरपर्यंत खपलं नाही. इंग्रजांनी इथल्या माणसांचा नेलेला पैसा परत आणला, असं ते ठामपणे सांगत. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण तो पैसा चळवळीसाठीच घेतला होता.

आणि नुसत्या धाकावर भूमिगतांना भाकरी मिळते का? चळवळीचे नेते नाना पाटील यांना पकडून देण्यावर इनाम होतं, तरी १९४६ मध्ये ते स्वतःहून उघडपणे लोकांसमोर येईपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. चळवळीचं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं, इंग्रजी पोलिसांना तिथं सरसकट घुसता येत नसे, हे खरंच. पण वाळवा, खानापूर, तासगावची बहुतेक गावं इंग्रजी हद्दीतलीच होती. तिथं भूमिगतांना सांभाळलं ते गावानं.

का सांभाळलं, ते प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांत दिसतं. कुणी बांध कोरलाय, कुणाची जमीन सावकारानं दाबलीय, कुणी बायकोला टाकून दिलंय, असे तंटे तिथं येत. मामलेदार कचेरीत खेटे नाहीत, वकील नाही. दोन्ही बाजू समोरासमोर आणि निकाल गावादेखत. लग्नापायी घर कर्जात बुडू नये म्हणून थोडक्या खर्चाचे गांधी विवाह लागत. दारूबंदी होती, वाचनालयं निघाली. ज्या राज्यात तलाठ्यापुढंही हात जोडून उभं राहायचं, तिथं कुळवाड्याला आपला न्याय आपल्याच माणसांकडून मिळाला.

कुंडलला सहल नेणाऱ्या गुरुजींनी आधी हे न्यायमंडळ सांगावं. नालाचं मुलं विचारतीलच.