गायरानाला कुंपण : मुक्त सॉफ्टवेअर आणि एकतर्फी करारपत्रे

मुक्त सॉफ्टवेअरची थोरवी गाण्यात आज मोठमोठ्या कंपन्यांचाच आवाज सर्वांत वर चढलेला आहे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि वाटता येतो ते मुक्त. ते एका हाताने घडत नाही. कोणी तरी प्रकल्पाचा पाया घालतो. पुढे देशोदेशीचे अनोळखी लोक त्यातील चुका दुरुस्त करतात, नवे भाग लिहून आणून देतात. बाहेरून येणारा हा कोड आत घेतल्यावाचून कोणताही मोठा प्रकल्प दीर्घकाळ जगत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, हा कोड कोणत्या अटीवर आत घ्यावयाचा? दाराशी ज्या कागदावर सही होते, त्याच कागदात या सामाईक संपत्तीचे भवितव्य ठरून जाते.

अनेक कंपन्यांच्या प्रकल्पांत कोड देऊ इच्छिणाऱ्याला प्रथम एक करारपत्र मान्य करावे लागते. त्यात कोडाची मालकी लेखकाकडेच राहते, असे मोठ्या औदार्याने सांगितलेले असते. पण त्याच कागदान्वये तो कोड वाटेल त्या अटींवर पुढे देण्याचा कायमचा अधिकार कंपनीला मिळतो. जगाला कोड मिळतो तो परवान्याच्या अटींवर. कंपनीला मिळतो तो जवळजवळ बिनशर्त. समानतेची भाषा दर्शनी भिंतीवर आणि विषमता तळटिपेत, असा हा प्रकार आहे.

त्याचे फळ काय, हे २०२३ साली दिसले. भाड्याच्या संगणक-यंत्रणा लेखी वर्णनावरून उभारून देणारे टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीने २०१४ साली काढले. ते मोझिला परवान्याखाली मुक्त होते आणि बाहेरच्या असंख्य लोकांनी त्यात भर घातली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, पुढील आवृत्त्या ‘बिझनेस सोर्स लायसन्स’खाली निघतील, कंपनीच्या धंद्याशी स्पर्धा करणाऱ्या सेवेत त्या वापरता येणार नाहीत. मोझिला परवान्याखालचा दुसऱ्याचा कोड असा परस्पर नव्या अटींत बांधता येत नाही. तो अधिकार कंपनीला मिळाला तो केवळ दाराशी घेतलेल्या करारपत्रातून! पुढे एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमने ही कंपनी ६४० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. बाहेरून कोड देणारे या व्यवहारात पक्षकारही नव्हते.

यावर असे सांगितले जाते की, जुना कोड तर मुक्तच राहिला. मग लुबाडणूक कसली? हे अर्धसत्य आहे. जुना कोड मुक्त राहिला म्हणूनच त्याच्या आधारे ‘ओपनटोफू’ हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहू शकला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. पण नाव, प्रतिष्ठा आणि मुख्य प्रवाह कंपनीकडेच राहिला, आणि लोकांनी आणून दिलेला कोडही त्याच बंदिस्त प्रवाहात वाहू लागला. गायरानाला कुंपण घालून गुराख्यांना दुसरे माळरान शोधावयास सांगणे, यालाच न्याय म्हणावयाचे काय?

दुसरा बचाव अधिक गंभीर आहे. ॲमेझॉनसारखे बलाढ्य मक्तेदार दुसऱ्यांचे मुक्त सॉफ्टवेअर घेऊन त्याची भाड्याची सेवा विकतात आणि परत काहीच देत नाहीत, अशी या कंपन्यांची तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. परंतु लहान सावकाराने मोठ्या सावकाराकडे बोट दाखविल्याने कुळाचे कर्ज फिटत नाही. मोंगोडीबीने २०१८ साली याच कारणासाठी नवा परवाना आणला : जो कोणी हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकील, त्याने ती सेवा चालविणारा सारा कोड उघड करावा. अट वरकरणी चोख. पण ती बांधते इतरांना. सारे हक्क करारपत्राने हाती असल्यामुळे खुद्द कंपनी तिच्यातून मोकळी राहते. ज्या नियमातून नियम करणारा सुटतो तो नियम नव्हे, ती जहागिरी होय. इलॅस्टिकनेही २०२१ साली हाच मार्ग धरला आणि २०२४ साली ॲफेरो जीपीएल हा मुक्त परवाना पुन्हा जोडून घेतला. म्हणजे कुंपणावाचून गत्यंतरच नव्हते, हा दावा टिकणारा नव्हता.

तिसरा बचाव कायद्याचा. कोणी चोरीचा कोड आणून दिला तर? त्यासाठी करारपत्र नको काय? याचे उत्तर लिनक्सच्या इतिहासात आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसविल्याचा आरोप केला. हे संकट लहान नव्हते. तरीही लिनक्सने लेखकांचे हक्क गोळा केले नाहीत. २००४ साली त्याने एक साधे प्रमाणपत्र स्वीकारले : कोड देणारा आपल्या नावाने एक ओळ लिहून हमी देतो की, हा कोड देण्याचा आपणास अधिकार आहे आणि तो प्रकल्पाच्या परवान्याखालीच दिला जात आहे. उगमाची जबाबदारी आली, पण हक्क हस्तांतरित झाला नाही. लिनक्सचे हक्क आज हजारो हातांत विखुरलेले आहेत, आणि हेच त्याचे खरे संरक्षण आहे; कारण एखादा धनाढ्य प्रकल्पाचा परवाना विकत घेऊन बदलू म्हणेल, तर तो विकणारा मालकच सापडत नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही लेखकांचे हक्क आपल्याकडे घेत आली, हे खरे. परंतु ती संस्था तो कोड सदैव मुक्त ठेवण्याचे बंधन त्याच कागदात स्वतःवर घालून घेते. आणि तिच्याच परंपरेतील जीसीसी या प्रकल्पाने २०२१ साली ही सक्ती काढून टाकून लिनक्ससारखे प्रमाणपत्रही चालेल असे ठरविले.

तेव्हा कसोटी एकच : ज्या परवान्याखाली कोड बाहेर जातो, त्याच परवान्याखाली तो आत यावा, कोणालाही, अगदी संस्थापकालाही, अधिकचा हक्क नसावा. संगणक क्षेत्रातील कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही कसोटी पुण्या-मुंबईच्या प्रत्येक तरुण अभियंत्यापर्यंत नेली पाहिजे. सही करण्यापूर्वी कागद वाचणे हा कामगार चळवळीचा पहिला धडा आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्या धोरणाला अर्थ यावयाचा असेल, तर सार्वजनिक यंत्रणा कोणत्याही प्रकल्पावर उभारण्यापूर्वी परवान्याबरोबर त्याचे करारपत्रही तपासले गेले पाहिजे. सामाईक श्रमातून निर्माण झालेली संपत्ती सामाईकच राहिली पाहिजे, आणि ती लढाई कुंपण पडल्यावर नव्हे, सही होण्यापूर्वी लढावयाची असते.